नारायण मेघाजी लोखंडे : जखमी कामगाराच्या हक्काचे आद्य पुरस्कर्ते

पुण्याच्या मंडईची अष्टकोनी दगडी इमारत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. १८८६ साली ती उभी राहिली तेव्हा मुंबई इलाख्याचा गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. क्रांतिबा जोतीराव फुले हे १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. या मंडईवर होणाऱ्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. गोरगरिबांची मुले शाळेवाचून राहतात आणि नगरपालिकेचा पैसा इमारतीत जातो, हे त्यांना पटत नव्हते. पुढे काळ फिरला. आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला जोतीरावांचे नाव देण्यात आले. आज भाजी घ्यायला जाणारा माणूस सहज महात्मा फुले मंडई असे म्हणतो.

या मंडईचे दगड पुण्यात चढत होते, त्याच सुमारास मुंबईत जोतीरावांच्या एका अनुयायाने गिरणी कामगारांना एकत्र करून एक मागणी सरकारपुढे ठेवली. काम करताना ज्याचा हात तुटला, पाय मोडला, त्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळाला पाहिजे आणि जो जन्माचा अपंग झाला त्याच्या पोटापाण्याची सोय झाली पाहिजे, अशी ती मागणी होती. त्या अनुयायाचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून लोखंडे यांचे नाव काही लोकांना ठाऊक असते. पण जखमी कामगाराचा कैवार घेणारे ते आपल्याकडील आद्य पुढारी होते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आपल्या घराघरांत हमाली करणारे, बांधकामावर जाणारे, कारखान्यात राबणारे लोक आहेत. म्हणून हे चरित्र आपण सर्वांनी समजून घेतले पाहिजे.

जन्म आणि जडणघडण

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. त्याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. मंडईपासून हा वाडा हाकेच्या अंतरावर होता. लोखंडे यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, जातीने माळी. घरची स्थिती बेताची. तरीही त्यांनी ठाण्यात इंग्रजी शाळेपर्यंतचे शिक्षण घेतले. त्या काळी शेतकरी-माळी घरातल्या मुलाने एवढे शिकणे हीच मोठी गोष्ट होती. ज्या घरात आधी कोणी पाटी हातात धरली नाही, त्या घरातून शाळेची पायरी चढणे किती कठीण असते हे आपल्या पिढीला वेगळे सांगायला नको.

काही काळ सरकारी नोकरी केल्यानंतर लोखंडे मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. गिरणीचा धंदा तेव्हा नवाच होता. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू केली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांची धुराडी जागोजाग दिसू लागली. कोकणातून, साताऱ्याकडून, पुणे-नगरकडून माणसे पोटासाठी मुंबईला येत आणि चाळींतून दाटीवाटीने राहत. आपले आजे-पणजेही त्यांत होते. तेथेही जात सुटली नाही. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होईल, असे कारण पुढे करून विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. जास्त पगाराचे खाते त्यांना बंद, आणि कमी पगाराची कामे मात्र खुली.

लोखंडे कोठारात बसून सामानाचा हिशेब ठेवीत होते, पण त्यांचे लक्ष सामान वापरणाऱ्या माणसांकडे होते. त्या काळच्या गिरणीत एकाच वाफेच्या इंजिनावर सगळी यंत्रे चालत. छताजवळून लांबच लांब लोखंडी दांडा फिरे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्रापर्यंत येत. पट्ट्यात धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा हात सापडला तर माणूस ओढला जाई. इंजिन थांबेपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाई. पहाटे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही तेरा-चौदा तासांचे होई. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. थकलेल्या माणसाचा हात यंत्राजवळ चुकतो, हे समजायला मोठी विद्या लागत नाही. पण ज्याचा हात गेला त्याची नोकरीही जाई, आणि त्याच्या जागेवर दुसऱ्या दिवशी नवा माणूस उभा राही.

सत्यशोधकाची लेखणी

जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. लोखंडे त्या समाजाचे मुंबईतील प्रमुख कार्यकर्ते झाले. माणसा-माणसांत उच्चनीच नाही आणि कष्ट करणाऱ्याचा मान राखला पाहिजे, ही शिकवण त्यांनी गिरणीच्या फाटकापर्यंत नेली.

कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ हे पत्र सुरू केले होते. पैशाच्या अडचणीमुळे ते चालेना. १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईला नेले आणि संपादकाची जबाबदारी घेतली. पुढे मरेपर्यंत ते पत्र हेच त्यांचे हत्यार होते. शेतकऱ्याचे कर्ज, कामगाराचे तास, जातीचा जाच या गोष्टी त्यात येत. ज्या लोकांना वाचता येत नव्हते त्यांना वाचता येणारा माणूस ते वाचून दाखवी.

गुरू-शिष्यांत नेहमी एकमतच होते असे मात्र नाही. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याचे सुरुवातीचे भाग ‘दीनबंधु’त छापून आले, पण पुढचे भाग छापण्यास लोखंडे कचरले. सरकारची खप्पामर्जी होऊन पत्र बंद पडेल अशी धास्ती त्यामागे असावी. जोतीराव यामुळे नाराज झाले आणि त्यांनी ती नाराजी लपवली नाही. थोर माणसांचे चरित्र सांगताना अशा गोष्टी झाकून ठेवू नयेत. लोखंडे हे आपल्यासारखेच माणूस होते. कोठे पाऊल पुढे टाकावे आणि कोठे थांबावे याचा हिशेब त्यांनाही करावा लागे. कामगारांच्या प्रश्नावर मात्र त्यांनी माघार घेतली नाही.

१८८४ चा अर्ज

१८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे, अपघात झाल्यास सरकारला कळवावे, अशी कलमे त्यात होती. अपघात कळवायचा, पण अपघात झालेल्या माणसाला काय द्यायचे याबद्दल कायद्यात एक अक्षर नव्हते. मोठ्या माणसांच्या तासांबद्दलही काही नव्हते.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. लोखंडे यांनी ही संधी ओळखली. मालक आपले म्हणणे मांडणार, इन्स्पेक्टर आपले म्हणणे मांडणार, मग कामगारांचे म्हणणे कोण मांडणार? सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. मुंबईत आपल्या हक्कासाठी कामगारांनी अशा रीतीने एकत्र येण्याचा तो पहिलाच मोठा प्रसंग. सभेत मागण्या ठरल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या-अंगठे केले. याच खटपटीतून बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली.

अर्जात पाच मागण्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी द्यावी. दुपारी अर्धा तास विश्रांती द्यावी. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा. आणि पाचवी मागणी जखमी कामगाराची. काम करताना भारी दुखापत होऊन कामगार निकामी झाला तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्मभराचा अपंग झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तजवीज करावी.

या पाचव्या मागणीकडे जरा नीट पाहू या. मालकाची चूक होती हे कामगाराने सिद्ध करावे, अशी अट तिच्यात नव्हती. काम करताना दुखापत झाली, एवढेच पुरे. त्या काळचा कायदा याच्या उलट होता. १८५५ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या चुकीने कोणी मेला तर त्याच्या वारसांना कोर्टात दावा करता येई. पण दावा करायचा म्हणजे वकील हवा, साक्षीदार हवेत, स्टँपाचा पैसा हवा आणि मालकाचा दोष पुराव्याने शाबीत व्हायला हवा. ज्या विधवेच्या घरी संध्याकाळची चूल पेटण्याची वानवा, ती कोर्टाची पायरी कशी चढणार? लोखंडे यांनी हा प्रश्न दयेच्या अंगणातून उचलला आणि हक्काच्या ओट्यावर ठेवला. गिरणी नफा कमावते, तो ज्या यंत्रावर कमावते त्याच यंत्राने माणूस मोडतो. मग मोडलेल्या माणसाचा भार गिरणीच्या हिशेबात धरला पाहिजे, असा त्या मागणीचा अर्थ होतो.

ही मागणी जगाच्या मागे नव्हती हेही ध्यानात ठेवावे. जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा १८८४ सालीच मंजूर झाला. इंग्लंडमध्ये चूक कोणाची हे न पाहता भरपाई देणारा कायदा व्हायला १८९७ साल उजाडले. परळच्या मैदानावर जमलेल्या, बहुतांशी निरक्षर अशा गिरणी कामगारांनी इंग्लंडच्या पार्लमेंटच्या तेरा वर्षे आधी हा विचार कागदावर मांडला होता.

रविवार मिळाला, भरपाई राहिली

कमिशनचा अहवाल आला, पण हाती काही लागले नाही. लोखंडे थांबले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी महालक्ष्मीच्या मैदानावर सभा घेतली. सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनी उभे राहून भाषण केले. आजही आपल्या सभांत बाया मागे बसतात. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी गिरणीत राबणाऱ्या बाया दहा हजारांसमोर बोलल्या, ही गोष्ट आपल्या लेकींना आवर्जून सांगावी. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आली.

म्हणजे पाच मागण्यांतल्या पहिल्या दोन बऱ्याच अंशी पदरात पडल्या. पाचवी मात्र तशीच राहिली. याचे कारण उघड आहे. एक दिवस गिरणी बंद ठेवली तर यंत्रालाही विश्रांती मिळते, त्यात मालकाचेही काही प्रमाणात हित असते. पण तुटलेल्या हाताचा पगार म्हणजे मालकाच्या तिजोरीतून रोख जाणारा पैसा. तो सहजासहजी सुटत नाही. शिवाय असोसिएशनची बांधणीही कच्ची होती. तिला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लिहिलेले नियम नव्हते. सारा भार लोखंडे यांच्या एकट्याच्या शब्दावर. एका माणसाच्या पुण्याईवर उभी राहिलेली संघटना त्या माणसाबरोबर संपते. तेच पुढे झाले.

लोखंडे यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरवली आणि आम्ही हे काम करणार नाही असे त्यांच्याकडून ठरवून घेतले. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल पेटली तेव्हा दोन्ही धर्मांच्या कामगारांत सलोखा राहावा म्हणून ते वस्त्यांतून हिंडले. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला.

१८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग आला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळाले. लोखंडे राहिले आणि रोग्यांच्या सेवेत पडले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. पन्नाशीही गाठली नव्हती. महिन्याभराने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या. इंग्लंडमध्ये भरपाईचा कायदा झाला तो याच वर्षी. तो आपल्या देशात आलेला पाहणे लोखंडे यांच्या नशिबी नव्हते.

मागणीचा कायदा झाला

लोखंडे यांच्या पाचव्या मागणीला कायद्याचे रूप यायला १८८४ पासून जवळपास चाळीस वर्षे लागली. १९२३ साली कामगार भरपाई कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी हे तत्त्व त्यात आले.

पुढचे पाऊल टाकण्यात पूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा वाटा मोठा आहे. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४३ साली प्रा. आदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम देण्यात आले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा घडला. भरपाईसाठी एकट्या मालकाच्या दाराशी उभे राहण्याऐवजी, मालक-कामगारांच्या वर्गणीतून उभारलेल्या निधीतून जखमी कामगाराला मदत मिळण्याची सोय झाली. बेरोजगारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत नागरिकाला साहाय्य मिळावे, हे तत्त्व संविधानाच्या कलम ४१ मध्ये आहे. कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणुसकीची असावी हे कलम ४२ सांगते.

तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. त्यात धन्याने सेवकाशी कसे वागावे हेही सांगितले आहे. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, वेळोवेळी सुट्टी द्यावी. लोखंडे यांचा १८८४ चा अर्ज समोर ठेवून हा उपदेश पुन्हा वाचावा. सुट्टी, वेळेवर पगार, आजाऱ्याची काळजी, सारे तेथे सापडेल. धम्म म्हणजे केवळ वंदना नव्हे. माणसाने माणसाशी न्यायाने वागावे यासाठी तो आहे.

आज आपल्या दारात

आता आपल्या दाराकडे येऊ. मी शिकवतो त्या वर्गातला एक हुशार मुलगा मध्येच शाळेत येईनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळले की, त्याचे वडील बाजारात हमाली करीत. ओल्या पायरीवरून पाठीवरच्या गोणीसकट घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. ज्या व्यापाऱ्याचा माल होता त्याने दवाखान्यात पाच हजार रुपये दिले आणि एका कागदावर अंगठा घेतला. कागदावर काय लिहिले होते ते त्या घरात कोणालाच वाचता आले नाही. मुलगा एका गाळ्यावर कामाला लागला. बापाचे हाड मोडले आणि मुलाचे शिक्षण मोडले. या घराला कायद्यातले चार शब्द आधी ठाऊक असते तर निदान तो अंगठा उठला नसता.

म्हणून ते चार शब्द येथे देतो. १९२३ चा कायदा आणि कर्मचारी विम्याचा कायदा यांच्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये एकत्र केल्या आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

पहिली गोष्ट, कामामुळे आणि कामाच्या दरम्यान झालेला अपघात असला की मालकाची जबाबदारी लागते. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, यात येतो. तू निष्काळजी होतास असे म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत. दारू पिऊन काम केले, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला किंवा यंत्राचे संरक्षक साधन मुद्दाम काढले, तर भरपाई नाकारता येते. पण मृत्यू झाला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर ही सबबही चालत नाही.

दुसरी गोष्ट, दुखापतीमुळे तीन दिवसांहून अधिक काम बुडाले तर हक्क सुरू होतो. तात्पुरते अपंगत्व असेल तर ठरावीक मुदतीने पैसे मिळतात. कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू यांत वय आणि पगार यांच्या हिशेबाने एकरकमी भरपाई ठरते. उपचाराचा खरा खर्चही मागता येतो. म्हणून दवाखान्याची प्रत्येक चिठ्ठी, पावती, एक्स-रे जपून ठेवावा. ज्याच्या पगारातून कर्मचारी विम्याची वर्गणी कापली जाते, त्याने विमा महामंडळाकडे अर्ज करावा. त्याला तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते. मात्र त्याला त्याच अपघाताची भरपाई पुन्हा मालकाकडून मागता येत नाही.

तिसरी गोष्ट, ठेकेदाराचा माणूस म्हणून मूळ मालकाला सुटता येत नाही. ज्याच्या धंद्याचे काम चालले होते त्याच्याकडेही भरपाई मागता येते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. भरपाईचा हक्क सोडला असे लिहून घेतलेला कागद कायद्यापुढे टिकत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने रक्कम परस्पर वारसांच्या हातात न देता सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. तेव्हा कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवू नये. उठलाच असेल तर सारे संपले असेही मानू नये. अपघाताची खबर लगेच लेखी द्यावी, साक्षीदारांची नावे टिपून ठेवावी आणि मुदत जाऊ न देता दावा दाखल करावा.

हमाल बांधवांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. त्याखाली माथाडी मंडळात नोंद झालेल्या हमालाला अपघात भरपाईचे संरक्षण मिळते. पुण्यात बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीने हमालांना संघटित करून हा हक्क रुजवला. लोखंडे यांच्या असोसिएशनला जे जमले नव्हते, म्हणजे सभासदांची नोंद, वर्गणी आणि नियम, ते येथे जमले. ज्याची नोंद नाही त्या हमालाला मात्र आपण कोणाचे कामगार आहोत हे आधी सिद्ध करावे लागते, आणि तेथेच दावा अडतो. म्हणून नोंदीचा कंटाळा करू नये.

मंडईत टोपली घेऊन बसणाऱ्या आपल्या बहिणीला मालक नाही, म्हणून भरपाईही नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. बँकेत खाते असेल तर वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा उतरतो. रक्कम मोठी नाही. पण सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा ती बरी.

लोखंडे यांच्या स्मरणार्थ भारत सरकारने २००५ साली टपाल तिकीट काढले. ते योग्यच झाले. पण त्यांचे खरे स्मरण कामगाराच्या घरात व्हायला हवे. पुढच्या रविवारी घरातला कर्ता माणूस सुट्टीवर असेल. ती सुट्टी लोखंडे यांनी मिळवलेली आहे. त्या दिवशी घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने त्याच्याजवळ बसावे. माथाडी मंडळाचे पुस्तक, विम्याचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, जे काही असेल ते काढून पाहावे. नाव बरोबर आहे का, वारसाचे नाव लागले आहे का, हे तपासावे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याची नोंद कोठे आणि कशी करायची ते विचारून यावे. परळच्या त्या साडेपाच हजार लोकांतल्या अनेकांना सही येत नव्हती, तरी त्यांनी आपल्या हक्काच्या अर्जावर अंगठा उठवला. आपल्या घरात आज वाचणारे डोळे आहेत. त्यांचा उपयोग आधी आपल्या माणसासाठी व्हावा.